मादामची बरणी

उर्जाने लेबल बरणीवर दाबून बसवलं, अंगठ्याच्या नखाने चारही कोपरे घासले आणि बरणी खिडकीतल्या उजेडात धरली. जांभळी शाई, लांब शेपट्यांची अक्षरं. फ्रेंचमध्ये लिहिलं होतं : मादाम कास्तेंसाठी. लिंबाचं गोड लोणचं. सावकाश खावे. 'सावकाश खावे' ही तिची स्वतःची भर होती. तिला ती फार आवडली होती.

"यातलं अक्षर कळत नाही मला," आई म्हणाली, "पण दिसतंय अगदी लग्नपत्रिकेसारखं."

"कला आहे ही, आई. कला."

"झाकण घट्ट लाव, कलावती. मागच्या खेपेला बाबांच्या शर्टाने लोणचं खाल्लं."

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हा आईच्या, मालिनीच्या, माहेरचा, वाईचा नियम. वाईत तो वाटी-डब्यांपुरता होता. हांबुर्गला आल्यावर तिने तो थेट फ्रान्सपर्यंत नेला. बाबा दर मंगळवारी पहाटे तुलूजला जायचे आणि गुरुवारी संध्याकाळी परत यायचे. ज्या छोट्या फर्ममध्ये ते इंजिनिअर होते ती विमानाच्या कारखान्याला माणसं पुरवायची, आणि विमानाचं अर्धं काम इकडे, अर्धं तिकडे. आधी ते हॉटेलात उतरत. मार्चपासून मादाम कास्तें नावाच्या बाईंकडे खोली घेतली होती. पहिल्याच आठवड्यात बाईंनी जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी दिली. ती संपली तशी आईने ती घासूनपुसून लोणच्याने भरली. मग तिकडून अंजिराचा मुरंबा आला, इकडून मेतकूट गेलं. आजची आठवी बरणी.

लेबलं उर्जाची. का नसावीत? दहावीच्या वर्गात तिच्याइतकं घडाघडा फ्रेंच बोलणारं कुणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी ती या शाळेत आली तेव्हा जर्मनमध्ये तिला फक्त आपलं नाव सांगता येई. वर्गात तोंड मिटून बसायची, डबा खायलासुद्धा भिंतीकडे तोंड करून. पण फ्रेंच सगळ्यांनाच नवीन होतं. तिथे सगळे एका रेषेवर उभे होते, आणि शिट्टी वाजल्याबरोबर उर्जा जी सुटली ती आजतागायत थांबली नव्हती. आता ती हात वर करायची, नाटकात काम करायची, बाईंची चूकसुद्धा दाखवायची, हसून.

मादामना तिने मे महिन्यात स्वतंत्र पत्र लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, बाबांच्या हाती. चौकटीच्या कागदावर, फ्रेंचमध्ये, उंच वळणांत : 'प्रिय उर्जा, तुझी लेबलं मी फेकत नाही. सगळी एका ओळीत ठेवली आहेत.' ते पत्र ती दप्तरातच ठेवायची. वर्गात दोनदा वाचून दाखवलं होतं.

"सुट्टी लागली की मला एकदा ने ना तुलूजला," ती बाबांच्या मागे लागली होती. "मादामकडे राहीन. जमिनीवर झोपेन."

"बघू," बाबा म्हणायचे आणि चष्मा काढून पुसायचे. चष्मा स्वच्छ असला तरी.

*

सुट्टीआधीचा शेवटचा प्रकल्प होता 'आपल्या शहरातलं फ्रान्स'. दहा जागा शोधायच्या, फोटो काढायचे, माहिती लिहायची. इतर मुलं इंटरनेटवरून उतरवून मोकळी झाली. उर्जा मात्र कॅमेरा गळ्यात अडकवून शहरभर हिंडली. सुरुवात अर्थात फ्रान्झब्र्योटशेनने केली. कुणीतरी वर बसून चेपल्यासारखा दिसणारा तो दालचिनीचा पाव. म्हणे फ्रेंच सैनिक शहरात होते तेव्हापासून चालत आलाय. ते खरं की खोटं कुणालाच माहीत नाही, पण तिने तीन खाऊन खात्री करून घेतली. मग एपेनडोर्फला रेल्वेच्या पुलाखालच्या बाजारातला चीजवाला. मग फक्त फ्रेंच सिनेमे लावणारं छोटं थिएटर. नऊ झाल्या. दहावी हवी होती.

तळघरात सायकल घ्यायला गेली की तिला अश्लेषाची सायकल दिसायची. अश्लेषा, बाबांच्या फर्ममधल्या दिनकरकाकांची मुलगी, तिच्याच वयाची. एप्रिलमध्ये काकांचं कंत्राट संपलं. त्यांच्या पासपोर्टमधल्या राहण्याच्या परवान्यावर फर्मचं नाव छापलेलं होतं; फर्म नाही तर परवाना नाही. तीन आठवड्यांत घर रिकामं झालं. अर्ध्या सत्रातून अश्लेषा पुण्याला गेली आणि सायकल इथेच राहिली, हँडलला अजून तिची केसाची लाल रिबीन बांधलेली.

"आपल्याही परवान्यावर नाव आहे का गं फर्मचं?" उर्जाने तेव्हा आईला विचारलं होतं.

"आहे."

"मग?"

"मग काय? बाबा जातायत ना तुलूजला दर मंगळवारी," आई म्हणाली होती.

त्या उत्तराने तेव्हा जीव भांड्यात पडला होता. मंगळवार आला की सूटकेसची चाकं जिन्यावर वाजायची, आणि ती वाजली की उर्जा कूस बदलून परत झोपायची.

तशा काही गोष्टी खटकत, पण खटकून निघून जात. एका बुधवारी बाबांचा फोन चालू असताना मागे भोंगा वाजला, लांबलचक, पोटात घुमणारा.

"बाबा, हे काय?"

"नदी आहे ना इथे. बोट गेली."

"गारोनमध्ये? एवढी मोठी?"

"मोठी आहे," बाबा म्हणाले. "ठेवतो हं. मीटिंग आहे."

त्या आठवड्यात टीव्हीवर तुलूजचं तापमान एकतीस आणि वर पिवळाधमक सूर्य. गुरुवारी बाबा आले ते ओल्या बुटांनी. बुटांत चुरगाळलेलं वर्तमानपत्र कोंबलेलं होतं. आईने ते काढलं, ओट्यावर ठेवून तळहाताने सरळ केलं, बराच वेळ बघितलं आणि घडी करून खणात टाकलं. रद्दी इतकी जपून कशाला ठेवायची, असं उर्जाच्या मनात आलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली.

*

बुधवारी शाळा सुटल्यावर ती एस-बान लोकल पकडून आल्टोनाला गेली. त्यांच्या हारबुर्गपासून म्हणजे शहराचं दुसरं टोक. आकाश खाली उतरून छपरांवर बसलं होतं. बागेत तीन म्हातारे फ्रेंच लोकांसारखे लोखंडी गोळे फेकत होते. तिने त्यांना फ्रेंचमध्ये नमस्कार ठोकला तसे ते खूश झाले.

"फ्रान्स हवंय?" एक जण म्हणाला. "मागच्या गल्लीत जा. जांभळ्या दारांचं दुकान. चीज तिथलं घे, बाकी सगळे चोर आहेत."

गल्ली अरुंद होती, दगडी, आणि भर दुपारी रिकामी. दुकान शेवटचं. दारावर घंटी होती, ती वाजली, पण कुणी आलं नाही. आत लव्हेंडरचा, कॉफीचा आणि कसलासा ओल्या तळघराचा वास. साबणाच्या वड्या, सार्डिनचे चित्रांचे डबे, साखरेत घोळवलेली व्हायोलेटची फुलं. खिडकीपाशी एक छोटं टेबल, त्यावर मिटलेला लॅपटॉप. उर्जाला नुसतं नाचावंसं वाटत होतं. दहावी जागा, आणि काय जागा! तिने एकामागून एक फोटो काढायला सुरुवात केली.

मुरंब्यांच्या फळीसमोर ती थांबली. त्याच बरण्या! जर्दाळू, अंजीर, तसंच सोनेरी झाकण. म्हणजे मादाम हा मुरंबा घरी करत नाहीत तर, विकत आणतात. चिडवायला बरं झालं. ती हसत हसत किंमतीची पाटी वाचायला वाकली. पाटी हाताने लिहिलेली होती. सातच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. उंच वळणं.

हसू तसंच ओठांवर राहिलं, नुसतं.

तिने दप्तरातून पत्र काढलं आणि पाटीशेजारी धरलं. मग, कुणीतरी मान धरून वळवावी तशी, तिची मान गल्ल्याच्या मागे वळली. तिथे वरच्या फळीवर सात बरण्या होत्या. एका ओळीत. सातही लेबलांवर जांभळी शाई, लांब शेपट्या. मेतकूट. तिळाची चटणी. लोणचं. कालचीच आठवी बरणी गल्ल्यावर उघडी होती, आत चमचा रुतलेला.

"तू उर्जा," मागून आवाज आला.

प्रश्न नव्हता तो. साठीच्या बाई होत्या, पांढरे केस आखूड कापलेले, पुढे निळा एप्रन. हात पुसत पुसत त्या जागच्या जागी थांबल्या.

उर्जाचं सगळं फ्रेंच कुठे गेलं कुणास ठाऊक. वर्गातलं घडाघडा फ्रेंच. तिने फक्त पत्र पुढे केलं.

"हो, मीच लिहिलं," मादाम कास्तें म्हणाल्या. "पण नीट वाच. त्यात तुलूजचं नाव नाही. मी त्याला म्हटलं होतं, पत्र लिहीन, खोटं लिहिणार नाही. मी जन्मले तिथे, एवढंच तुलूज आहे यात."

दुकानाच्या मागच्या बाजूला जमिनीत एक झडप उघडी होती. खालून पिवळा उजेड येत होता. लाकडी खोकं घासत सरकवल्याचा आवाज आला, मग दुसरं. मग कुणीतरी खोकलं. दोनदा छोटं, एकदा मोठं. तो खोकला उर्जा जन्मापासून ओळखत होती. जिन्यातून यायचा तेव्हा ती दार उघडायला धावायची.

ती एक पाऊल मागे सरली.

"हाक मारू?" मादामनी हळूच विचारलं.

उर्जाने मान हलवली. नाही. मग पुन्हा, जोरात. नाही, नाही.

मादामनी तिला खिडकीपाशी नेलं आणि कुजबुजत, भरभर सांगितलं. मार्चमध्ये काम सुटलं. आधी नुसती कॉफी प्यायला यायचा, एकच कप, तीन तास. सकाळी इथे बसून अर्ज लिहितो. दुपारी माल उतरवतो, फ्रीज दुरुस्त करतो; नको म्हटलं तरी ऐकत नाही. वर मुलाची खोली रिकामी आहे, तिथे झोपतो. जुलैच्या आत नवी नोकरी मिळाली तर कुणाला काही कळायचं कारण नाही, असं म्हणतो.

"आणि नाही मिळाली तर?"

मादामनी एप्रनचा कोपरा बोटाभोवती गुंडाळला. "परवान्याच्या ऑफिसकडून पिवळं पाकीट येईल म्हणतो. त्यात देश सोडायची तारीख असते. दर गुरुवारी जाताना तेच बोलतो, आज घरी पिवळं पाकीट असेल का."

झडपेतल्या उजेडावर सावली चढायला लागली. आधी डोकं, मग खांदे, खांद्यावर खोकं. उर्जा दाराकडे पळाली. तिने घंटी मुठीत दाबून धरली, वाजू न देता दार उघडलं आणि बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी पोहोचते तोच नदीकडून भोंगा वाजला. लांबलचक. पोटात घुमणारा.

गाडीत बसून तिने एकेक फोटो पुसला. प्रत्येक वेळी कॅमेरा विचारायचा : नक्की? ती बटण दाबायची. शेवटच्या फोटोत साबण होते, त्यांच्या मागे खिडकीतलं टेबल आणि खुर्चीच्या पाठीवर बाबांचा राखाडी स्वेटर. तो तिने काढतानाच कसा नाही पाहिला?

घरी आली तर आई देवापुढे दिवा लावत होती. गणपतीच्या तसबिरीला टेकून एक पाकीट उभं होतं. पिवळं. महत्त्वाच्या कागदाला लावतात तशी त्यावर कुंकवाची दोन बोटं.

"आज आलं," आई पाठमोरीच म्हणाली. "बाबांच्या नावाचं आहे. बघतील ते."

*

गुरुवारी सूटकेसची चाकं जिन्यावर वाजली, खोकला आला, दोनदा छोटा, एकदा मोठा. उर्जाने दार उघडलं.

"काय उकाडा गं तुलूजला!" बाबा म्हणाले आणि सूटकेसमधून बरणी काढून तिच्या हातात दिली. चेरीचा मुरंबा. म्हणजे मादामनी सांगितलं नव्हतं. बाबांच्या उजव्या हाताच्या बोटात लाकडाचं कुसळ गेल्याचा लाल ठिपका होता. तो हात त्यांनी खिशात घातला.

मग त्यांना देवापुढचं पाकीट दिसलं.

ते वळले. हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता.

जेवताना वरण-भात नुसता चिवडत होते. आई वाढत होती, उर्जा बोलत होती. तिला एकदम खूप बोलायचं होतं. बाई, परीक्षेचे मार्क, नाटक, काय वाटेल ते. मधेच बाबांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही. ताटाशेजारी ठेवला.

"उर्जा," ते म्हणाले. "परवापासून सुट्टी ना तुला? मंगळवारी चल माझ्याबरोबर."

आईचा पळीचा हात थांबला.

"चल. दाखवतो तुला सगळं." बाबांनी बोटांनी भात एका बाजूला सारला. "एकदा... म्हणजे बघ, तूच म्हणत होतीस ना."

उर्जाला काल रात्रीपासून याचीच धास्ती होती. आता काय करणार बाबा? कुठलं तिकीट काढणार, कुठल्या विमानात बसवणार? तिचा हट्टच नडला होता. तिनेच त्यांना भिंतीपर्यंत रेटत नेलं होतं. तिने वाटेल ते मनात जुळवलं आणि घडाघडा बोलून टाकलं, अगदी वर्गात बोलते तसं.

"अय्या बाबा, मला नाही जमणार! रोइंगचं शिबिर लागलंय. पूर्ण सुट्टीभर. मी नाव दिलंय. आणि खरं सांगू का, मला तुलूजचा कंटाळाच आला. पुढच्या वर्षी वगैरे बघू."

आता बाबांचे खांदे सैल होतील, असं तिला वाटलं होतं. झालेही. पण चेहरा सुटका झालेल्या माणसाचा नव्हता. कसाबसा जिना चढून वर यावं आणि दाराला कुलूप दिसावं, तसे ते क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा घातला.

"बरं," ते म्हणाले. "शिबिर चांगलं."

आईने उर्जाकडे पाहिलं. लांबून, खूप वेळ. मग बाबांच्या भातावर तूप वाढलं.

*

मंगळवारी उर्जा कूस बदलून झोपली नाही. ती स्वयंपाकघरात आली तेव्हा आई चेरीची रिकामी केलेली बरणी भरत होती. मुरंबा एका वाटीत काढून ठेवलेला. बरणीत लसणाची चटणी जात होती, लालभडक, वाईची, बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायचे ती.

"मादामना तिखट नाही गं सोसत," उर्जा म्हणाली.

"या खेपेला सोसेल," आई म्हणाली. "लेबल लिही."

उर्जाने लेबलाचा कागद काढण्यासाठी खण ओढला. लेबलांच्या खाली घडी केलेलं वर्तमानपत्र होतं. पाण्याने फुगून वाळलेलं, फुकट वाटतात ते साप्ताहिक. वर ठळक अक्षरांत : आल्टोना. त्याच्या खाली आणखी दोन होती. वेगवेगळ्या आठवड्यांची.

तिने खण बंद केला. बसली, जांभळं पेन उघडलं. मादाम कास्तेंसाठी. शेपट्या नेहमीसारख्याच लांब काढल्या. एक जरा जास्तच लांब गेली.

बाबा बूट घालत होते. आईने बरणी टॉवेलात गुंडाळून सूटकेसमध्ये ठेवली, आणि खुंटीवरची छत्री काढून त्यांच्या हातात दिली.

"अहो, ही असू द्या."

"छत्री? तिकडे ऊन आहे, मालिनी."

"हो ना," आई म्हणाली. "तरी असू द्या."

बाबांनी छत्रीकडे पाहिलं. मग देवाकडे, जिथे पिवळं पाकीट अजून न फोडलेलं उभं होतं, कुंकू वाळून काळं पडलेलं. मग त्यांनी छत्री काखेत घेतली, सूटकेस उचलली. चाकं जिन्यावर वाजली.

उर्जा खिडकीशी गेली. खाली रस्ता कोरडा होता, आकाश निवळलेलं. बाबा फाटकापाशी थांबले. वर पाहिलं नाही. त्यांनी छत्री उघडली, कोरड्या रस्त्यावर, उन्हात, आणि ती खांद्यापर्यंत खाली ओढून स्टेशनच्या दिशेने चालायला लागले.

मागे आई देव्हारा पुसत होती. तिने पाकीट उचललं, खालची जागा फडक्याने नीट पुसली आणि पाकीट होतं तिथेच, होतं तसंच टेकवून ठेवलं.